नुसतं बसायला माणूस पाहिजे

सलाम मंडळी! पुढं सरका, पुढं सरका! पहिला बाक रिकामा कोणासाठी ठेवलाय? पाहुणा तर मी इथं उभा आहे!

तर मंडळी, एक प्रश्न विचारतो. देवाच्या कामाला बाहेरगावी जायचं, तर माणसाच्या अंगात काय पाहिजे? गळा पाहिजे? वक्तृत्व पाहिजे? विद्या पाहिजे? मनातल्या मनात उत्तर द्या. कारण मी या प्रश्नाचं उत्तर तीस वर्षं कीर्तनातून चुकीचं देत होतो — आणि माझी चूक दुरुस्त केली ती एका स्वयंपाकिणीनं!

ऐका!

आमच्या गावच्या चर्चमध्ये सुगंधाबाई पारधे म्हणून आहेत. वय त्रेसष्ट. चाळीस वर्षं उपासनेला येतात आणि चाळीस वर्षं शेवटच्या बाकावर, दाराजवळ! प्रार्थना सांगायला उभं करतील या भीतीनं बाई आधीच दाराकडे तोंड करून बसायच्या! का हसता हो? तुमच्यातही आहेत तशा, मला इथून दिसतायत!

गेल्या दिवाळीनंतर आमच्या चर्चचं सेवापथक निघालं सातपुड्यात. धडगावच्या वर, डोंगरात एक पाडा — पावरा लोकांची वस्ती. सोबत डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई, गाण्याचं साहित्य, आणि अस्मादिक! मी पाच मुद्द्यांचं प्रवचन तयार करून, आरशासमोर तीनदा म्हणून आलेलो. स्वयंपाकाला सुगंधाबाईंची सून यायची होती, अनुग्रहा. पण आदल्या दिवशी ओट्यावरून उतरताना तिचा पाय मुरगळला! अकरा माणसं, आणि स्वयंपाकाला कोणी नाही. माझी तर अर्धी श्रद्धा तिथंच डळमळली!

पाळकसाहेब गेले सुगंधाबाईंकडं. "बाई, तुम्ही चला."

"मी? न्हाई बाई! मला मोठ्यानं प्रार्थना न्हाई येत."

"प्रार्थना नको. पिठलं येतं ना?"

"त्ये येतं."

"मग झालं! बसा जीपमध्ये."

तर अशा रीतीनं, मंडळी, देवानं नाही — पिठल्यानं त्यांना बोलावलं!

आम्ही पोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी माझं प्रवचन ठेवलं. पाच मुद्दे! ऐकायला आले दोन म्हातारे, आणि एक कोंबडी. पहिल्या मुद्द्याला एक म्हातारा झोपला, दुसऱ्याला दुसरा. कोंबडी मात्र शेवटपर्यंत थांबली — तिथं दाणे सांडले होते म्हणून!

डोळे तपासायला मात्र लोक आले. त्यात एक आजीबाई. रेवलीबाई पावरा. काठी टेकत, मुलाच्या खांद्यावर हात ठेवून. तरुणपणी ऊसतोडीला आपल्या भागात सात-आठ हंगाम आलेल्या, म्हणून मराठी बोलायच्या, तोडकीमोडकी. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. "आजी, मोतीबिंदू आहे. पिकलाय. खाली तालुक्याला मिशनचा दवाखाना आहे, तिथं ऑपरेशन करू. एक डोळा आत्ता, दुसरा चार महिन्यांनी. फुकट. चांगलं दिसायला लागेल."

रेवलीबाई म्हणाल्या, "नाय."

म्हटलं, आता आपलं काम! गेलो पुढं. विश्वास म्हणजे काय, भीती म्हणजे काय, अंधार म्हणजे काय, प्रकाश म्हणजे काय — वीस मिनिटं बोललो, मंडळी! घाम आला मला! आजीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग मुलाला विचारलं, "झालं का याचं?" आणि काठी टेकत चालू लागल्या!

हसा, हसा! त्या दिवशी अख्खं पथक हसलं, तुम्ही कशाला मागं राहता!

दुपारी सुगंधाबाई ताट घेऊन त्यांच्या झोपडीकडं गेल्या. का? तर म्हातारी उपाशी गेली म्हणून. बस्स, एवढंच! रेवलीबाईंनी भाकरी चाचपली. "ही भाकर की चांबडं?"

सुगंधाबाई भडकल्या! "चाळीस वर्षं भाकरी थापतीय मी! तुमच्या पाड्यातलं पीठच जाडंभरडं!"

"पीठ चांगलं हाय. तुझा हात वाईट!"

झालं! जुंपली दोघींची! मी लांबून ऐकतोय, म्हटलं, गेली आपली सेवा पाण्यात! पण मंडळी, भांडता भांडता दोघी चुलीपाशी बसल्या. एक पीठ मळतेय, दुसरी हातानं चाचपून शिकवतेय. आणि भाकरी टम्म फुगल्यावर सुगंधाबाईंनी सहज विचारलं, "का गं, डोळ्याला नाही का म्हणतीस?"

रेवलीबाईंनी हाताचं पीठ झटकलं. मग म्हणाल्या, "माझ्या माणसाला नेला व्हता. पोटात दुखायचं त्याच्या. चांगली माणसं आली, देवाची. गाडीत घातला, मोठ्या शहरात नेला, खाटेवर निजवला. म्हणाली, उद्या येतो. कोण नाय आलं. त्याची बोली तिथं कोणाला कळत नव्हती, बाई. तो गेल्यावर शेजारच्या खाटेवाल्यानं सांगितलं माझ्या पोराला — तुझा बाप दोन दिवस कायतरी मागत व्हता. पाणी मागत असंल."

पेटी थांबवा जरा, लुकासभाऊ.

मंडळी, ती म्हातारी डोळ्याच्या ऑपरेशनला भीत नव्हती. एकटं पडायला भीत होती. आणि मी तिला वीस मिनिटं प्रकाश समजावून सांगत होतो!

सुगंधाबाईंनी काय केलं? प्रवचन? छे! तव्यावरची दुसरी भाकरी उलटली आणि म्हणाल्या, "मी बसते तुझ्याजवळ."

"किती दिस?"

"तुला दिसंपर्यंत."

हां, लुकासभाऊ, आता धरा सूर —

बोलणारे फार । मिळती बाजारी ।
बैसे जो शेजारी । तोचि सखा ॥

आता गंमत बघा! पथक परत निघायचं शुक्रवारी. ऑपरेशन शनिवारी! शुक्रवारी जीप तालुक्याला थांबली. सुगंधाबाई खाली उतरल्या, रेवलीबाईंना हात धरून उतरवलं, आणि म्हणाल्या, "चला बुवा, सलाम. जावा तुम्ही."

"अहो बाई, राहणार कुठं? लुगडी किती आणलीत?"

"दोन हायेत. एक नेसायचं, एक वाळत घालायचं. तिसरं घालू कुठं?"

मी तरी थांबलो का? नाही! मला रविवारी एका गावी कीर्तनाचं आमंत्रण होतं. विषय काय? 'सेवा!' गेलो, मंडळी, आणि फार छान बोललो! लाज वाटते सांगायला.

इकडं दवाखान्यात रेवलीबाईंचा रक्तदाब वाढला. भीतीनं! शनिवारचं ऑपरेशन सोमवारवर गेलं, सोमवारचं बुधवारवर. तेवढ्यात घरून फोन. सुगंधाबाईंचे मालक, येशूदासमामा. "अगं, कधी येतीस? सकाळचा चहा कोण करणार?"

"अनुग्रहाचा पाय मुरगळलाय. तुमचे दोन्ही हात धड हायेत ना?" — फोन बंद!

बुधवारी नेलं आत. रेवलीबाई टेबलावर काही केल्या निजेनात. डॉक्टरीणबाई शहाण्या. त्यांनी सुगंधाबाईंना हिरवा झगा घातला, टोपी घातली, स्टुलावर बसवलं, आणि रेवलीबाईंचा हात त्यांच्या हातात दिला. रेवलीबाई म्हणाल्या, "तुझ्या देवाला सांग ना कायतरी. मोठ्यानं सांग. मला तुझा आवाज ऐकू यायला पायजे."

आली का पंचाईत! आता पळायला दारही नाही! आणि मंडळी, चाळीस वर्षांत ज्या बाईच्या तोंडून प्रार्थनेचा शब्द निघाला नव्हता, ती बोलली. "देवा, हिला दिसू दे. मी हितंच हाय." परत — "देवा, हिला दिसू दे. मी हितंच हाय." ऑपरेशन संपेपर्यंत हेच! दुसरं येतच नव्हतं ना! नर्सनं मला नंतर सांगितलं, शेवटी शेवटी डॉक्टरीणबाईही पुटपुटत होत्या.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. रेवलीबाईंनी डोळा मिचकावला. बघितलं. पुन्हा नीट बघितलं. आणि म्हणाल्या, "अगं, तू एवढी म्हातारी? भांडताना तर तरुण वाटली व्हतीस!"

दोघी इतक्या हसल्या की नर्स धावत आली — "आजी, डोळ्याला ताण देऊ नका!"

त्यानंतरही चार दिवस बाई तिथंच. रेवलीबाई आपल्या पायानं पाड्यावर चालत गेल्या, घरोघर फिरल्या, ते बघितलं, मगच एसटीत बसल्या.

रविवारी चर्च तुडुंब! पाळकसाहेब म्हणाले, "सुगंधाबाई, साक्ष सांगा." मीही वही काढून बसलो. म्हटलं, पुढच्या कीर्तनाला मजकूर मिळेल!

बाई उभ्या राहिल्या. पदर सावरला. म्हणाल्या, "साक्ष मला येत न्हाई. निरोप सांगते. त्या पाड्यावर अजून सहा जणांना मोतीबिंदू हाय. रेवली घरोघर जाऊन सांगून आली, ऑपरेशन दुखत न्हाई. साही जणं म्हणली, जवळ कोणी बसणार असंल तर येतो. मार्चमधी त्यांच्याबरोबरच रेवलीचा दुसरा डोळा हाय, तिच्याजवळ मी बसीन. पण मी एकटी कुणाकुणापाशी बसू? सहा माणसं पायजेत. बोलता यायला नको. गाता यायला नको. नुसतं बसायला." आणि खाली बसल्या!

मी वही मिटली, मंडळी. लिहिण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

तर आमच्या गावातून तीन नावं आली. पाळकसाहेबांच्या पत्नी. हे आमचे पेटीवाले लुकासभाऊ. आणि मी — पाच मुद्दे घरी ठेवून! म्हणून आलोय मी आज तुमच्या दारात. तीन माणसं कमी आहेत.

काय म्हणालात काका, तुम्हाला शिक्षण नाही? उत्तम! ताई, तुम्हाला प्रार्थना येत नाही? अहो, फारच उत्तम! गुडघे दुखतात? स्टूल देतात हो तिथं! आणि मागच्या बाकावर तो हात कोणी वर केला — नाव द्यायला, की पंखा लावायला सांगायला? खाली घेऊ नका, खाली घेऊ नका!

मंडळी, हसलात, बरं वाटलं. आता एकच सांगतो. त्या डोंगरात तीन म्हाताऱ्या माणसांना अजून कोणाचंही नाव सांगितलेलं नाही. त्यांना रेवलीबाईंनी मार्चचा वायदा दिलाय. खाली रस्त्यावर जीपचा आवाज आला की ती तिघं विचारतात, "माझ्याजवळ बसणारं कोण आलंय?"

परवा मला वर निरोप पाठवायचा आहे. सांगा, कोणाचं नाव कळवू?