भात कच्चा नव्हता

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, आपल्या गिर्यारोहण मंडळाचे सर्व सभासद, आज ज्यांना आपण निरोप देत आहोत ते आपले स्वयंपाकी मामा, त्यांच्यासोबत आलेल्या मामी आणि खुर्च्या न मिळाल्यामुळे मागे उभे असलेले सर्वजण, नमस्कार.

चार वर्षांपूर्वी, बावीस मे रोजी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी मी तिसऱ्या कॅम्पवर तंबूत बसून पायमोज्यात भात भरत होतो.

हसू नका. म्हणजे हसा, पण पुढचंही ऐका. मी मंडळाचे दोर तपासतो. शिक्षण आठवीपर्यंत. भाषणाची सवय नाही, म्हणून लिहून आणलंय.

साडेसहा हजार मीटरवर काय होतं, हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. एका पावलाला तीन श्वास. बुटाची नाडी बांधायला अर्धा तास. कपाळ आतून कुणी ठोकत असल्यासारखं. पण शरीराचं काय बिघडलंय ते कळतं तरी. मनाचं काय? मी सोबत्यावर हातमोजा चोरल्याचा आळ घेतला. तो म्हणाला, "अरे शहाण्या, तोच घालून माझ्याकडे बोट दाखवतोयस!" डोकं बिघडलंय हे कळायलाही डोकंच लागतं ना?

मामांचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. जेवल्यावर ताट त्यांच्याच हातात द्यायचं. ते आधी ताट बघायचे, मग तोंड. म्हणायचे, "डोंगरावर आधी जेवण सुटतं, मग झोप, मग अक्कल. मी पहिल्यालाच पकडतो." ताटात अन्न उरलं, की तो माणूस दुसऱ्या दिवशी खाली. मला दोन दिवस घास गिळवत नव्हता आणि खाली तर जायचं नव्हतं. म्हणून पायमोजा. मामांच्या हातात लख्ख ताट दिलं. "शाब्बास रे वाघा," म्हणाले.

चोवीस तारखेला, शिखर दोनशे मीटरवर असताना, त्या बर्फात मला उकडायला लागलं. आपण घरी पोचलो असं वाटलं आणि मी कमरेचा दोर सोडायला लागलो. मोहीमप्रमुखांनी माझं मनगट धरलं. माझ्यामुळे चौघंही परत फिरलो. ते प्रमुख म्हणजे आजचे आपले अध्यक्ष. त्यांची ती शेवटची मोहीम होती, हे मला माहीत होतं.

कॅम्पवर मामांनी माझी सॅक रिकामी केली. गोठलेला पायमोजा हातात घेऊन त्यांनी आतला भात चाचपला. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. ते म्हणाले, "चहा घे. आधी चहा."

पुढे मंडळाची बैठक झाली. हा इतका गळून कसा गेला, असा प्रश्न निघाला. मी बोलायला तोंड उघडलं, तोच मामा उभे राहिले. "त्या उंचीवर भात कच्चा राहिला. पोराच्या पोटात काही गेलंच नाही. चूक माझी." मी उघडलेलं तोंड मिटलं.

त्यानंतर मामांना वरच्या कॅम्पवर कधी नेलं नाही. मी मात्र पुढच्या वर्षी शिखरावर जाऊन आलो. तो फोटो याच भिंतीवर आहे. त्याच्याखाली उभं राहून आपण विचारतो, "काय मामा, शिजला का भात?" आणि सगळे हसतात. मीही हसलोय. प्रत्येक वेळी.

काल मामांकडे गेलो. म्हटलं, उद्या सांगणार आहे. ते कांदा चिरत होते.

"गप बस. सप्टेंबरात तुझी मोहीम आहे. नाव कापतील."

"कापू देत."

"मग भाषण तरी छोटं कर. लोकांना भुका लागतात."

अध्यक्ष महाराज, मंडळाच्या इतिवृत्तात त्या मोहिमेपुढे 'भात कच्चा राहिल्यामुळे' असं लिहिलेलं आहे. ते खोडून तिथे माझं नाव लिहावं, ही विनंती. सप्टेंबरच्या यादीचं आपण ठरवाल ते मला मान्य आहे.

मला बोलू दिलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभेने पोटात घालावं. चार वर्षं जे बोललो नाही, त्याची क्षमा मात्र दोघांकडेच मागायची आहे, अध्यक्षांकडे आणि मामांकडे.

मामा, ताट तुमच्या हातात देतोय. या वेळी जसं आहे तसं.