पेट्रोलच्या तिरडीवर आमची गाडी

जळाली ती माझ्या नवऱ्याची मोटारसायकल, आणि इथं मला विचारायलेत की पेट्रोलचा भाव कुणामुळं वाढला असं तुमचं म्हणणं आहे. हे आधी लिहा, नाव-गाव नंतर लिहा, असं मी जमादारांना सांगितलं म्हणून ते वर घेतलं आहे.

नाव मल्लम्मा वीरुपाक्ष हालगे, वय ४७ वर्षे, धंदा पिठाची गिरणी, शिक्षण तिसरी, राहणार ताडकळस, तालुका पूर्णा, जिल्हा परभणी. मी माझ्या पायानं ठाण्यात आले आहे, कुणी शिकवून पाठवलेलं नाही. विचारल्यावरून सांगते की,

मी वरील ठिकाणी पती वीरुपाक्ष यांच्यासह राहते. मुलगी महेश्वरी गंगाखेडला दिलेली आहे. पती मोटारसायकलवर पत्र्याची पेटी बांधून गावोगाव खारी-टोस्ट विकत होते. पुढच्या नंबरपाटीच्या वर पिवळ्या रंगात 'विरूआप्पा खारीवाले' असं लिहिलेलं आहे. माणूस दिसायच्या आधी लोक गाडी ओळखतात. दीड वर्षापासून पतीच्या किडन्या काम करत नाहीत. दर सोमवारी आणि गुरुवारी परभणीला डायलिसिसला जावं लागतं. जाताना गाडी ते चालवतात, मी मागं बसते. येताना त्यांच्यानं होत नाही, मी चालवते. माझ्याकडं लायसन नाही, लिहायचं असेल तर लिहा.

मागच्या शुक्रवारी सकाळी मी गिरणीवर असताना आमच्या गल्लीतला महारुद्र आला. तो एका पक्षाचं काम करतो. पक्षाचं नाव घेतलं की जबाब लांबतो असं कळल्यामुळं मी त्यांना मोर्चावाले म्हणते. तो म्हणाला, "काकू, आप्पाची गाडी घंटाभर द्या. पेट्रोलच्या भावाचा मोर्चा हाय."

मी म्हणले, "तुझी कुठं गेली?"

"माझी नवी हाय काकू. ओरखडा पडंल."

मी म्हणले चावी घे. तो म्हणाला चावी नको, ढकलायचीच हाय. गाडी ढकलत मोर्चा काढतात हे मी पाहिलेलं आहे, म्हणून दिली. जाळायला दिली नाही.

त्यानंतर हलगीचा आवाज आला. गिरणी चालू होती, दळणाच्या डब्यांची रांग होती, मी बाहेर गेले नाही. थोड्या वेळानं धुरपताबाई आली. तिचं दळण नव्हतं. तिनं आत येऊन स्वतःच्या हातानं गिरणीचं बटण बंद केलं आणि माझा हात धरला.

"मल्लम्मा, आप्पा कवा गेले गं?"

"कुठं जातेत? घरी निजलेत."

"अगं मोठ्या रस्त्यानं निघालेत की. हार घालून. म्होरं मडकं धरलंय."

मी गिरणी तशीच सोडून पळाले. पेट्रोल मेलं म्हणून मोर्चावाल्यांनी बांबूच्या तिरडीवर माझी गाडी उभी बांधली होती. हार, गुलाल, मागं दोघंतिघं खोटं रडायला. आमच्या लिंगायतांत मेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत, बसवून नेतात. गाडी बसवल्यासारखी उभी आणि पुढं पतीचं नाव, त्यामुळं आमच्या लोकांना शंका राहिली नाही. दुकानदारांनी शटर अर्धं ओढलं. बाया पदर तोंडाला लावून मागं चालत होत्या. त्या खऱ्या रडत होत्या.

चौकात महागाईचा पुतळा गाडीच्या सीटवर बसवला आणि पेटवला. पेटवायला पेट्रोल कुठून आणलं असं मी नंतर विचारलं. तर माझ्याच टाकीची नळी काढून बाटलीत घेतलं होतं. महाग झालं म्हणून बोंबलायचं आणि माझंच ओतायचं. नळी परत नीट बसवली नाही, पेट्रोल ठिबकत राहिलं आणि गाडीनंच पेट घेतला. सीट, वायरी, पुढची काच जळाली. हॉटेलवाल्यानं पिंपातलं पाणी मारलं म्हणून इंजिन वाचलं. मी महारुद्रला म्हणले, "मुडद्या, आमच्यात जाळत बी न्हाईत रे, पुरतेत." तो म्हणाला, "काकू, चुकून झालं. पण मोर्चा लय गाजला."

कुणीतरी महेश्वरीला फोन केला होता. ती लेकराला कडेवर घेऊन गंगाखेडहून रडत आली आणि दारातच पडली. तिचा आवाज ऐकून पती आतून चहाची कपबशी हातात घेऊन आले आणि विचारलं, "कोण गेलं गं?" मग शेजाऱ्यांनी सांगितलं. शेजारी हसले. म्हणाले, मेल्याची आवई उठली की आयुष्य वाढतं आप्पा. पतीही हसले. नंतर मला एकटीला विचारलं, "लोक किती जमले हुते?" मी म्हणले लय होते. त्यांनी कोण कोण, ते नावानिशी विचारलं. मी सांगितलं.

काल सोमवार होता. त्यांनी कपडे घातले नाहीत. मी ॲपे दारात आणला, हाताला धरून बसवलं, ते उतरून आत गेले. म्हणाले, "माझं समदं झालं की. एवढे लोक पुन्हा येतेत का?" मी लय बोलले, ते इथं लिहायचं नाही. पुन्हा एकदाच म्हणाले, "माझ्या गाडीवर येतो. दुसऱ्याच्या गाडीत जायचं ते एकदाच." सोमवार हुकला. दवाखान्यात फोन केला तेव्हा सांगितलं की गुरुवार हुकवू नका. त्यांचे पाय सुजले आहेत.

मेकॅनिक बन्सीधर म्हणतो, गाडी ताब्यात द्या, रात्र घालून चालू करतो. पण गाडी शुक्रवारीच पोलिसांनी चौकातून उचलली, ती मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात उभी आहे. तिच्यावर अजून अर्धा जळका हार आहे. मी आल्यावर तो काढायला गेले तर शिपाई म्हणाला, हात लावू नका, पंचनाम्यात आहे.

शनिवारी संध्याकाळी दिनकरराव घरी आले होते. ते दुसऱ्या पक्षाचे. मध्ये भाव थोडा उतरला तेव्हा 'साहेबांचे जाहीर आभार' असं बॅनर त्यांनी स्टँडवर लावलं, म्हणून त्यांना बॅनरवाले म्हणते. सोबत मोबाईलवर शूटिंग करणारा माणूस होता. म्हणाले, "वहिनी, गाडी आमी दुरुस्त करून देतो. फक्त एवढं म्हणा की आमच्या साहेबांनी भाव उतरवला अन् त्या नालायकांनी गरिबाची गाडी जाळली."

मी म्हणले, "जाळली ते म्हणते. भाव आधी वाढला हुता तो कुणी वाढवला?"

"ते बाहेरदेशी लढाई लागली ना वहिनी. ते कुणाच्या हातात असतं?"

"अन् उतरला तो?"

"तो साहेबांमुळं."

"म्हंजी चढताना लढाई, उतरताना साहेब."

ते शूटिंग बंद कर म्हणाले. मी महारुद्रलाही तेच विचारलं होतं, तुमचं राज्य होतं तेव्हा भाव वाढला तो कुणी वाढवला. तो म्हणाला, "तवा बाहेरून वाढला हुता काकू." दोघांची शाळा एकच दिसते.

माझं म्हणणं इथं दोनदा विचारलं म्हणून सांगते. मला तेलातलं कळत नाही. मागं लाईटबिल वाढलं तेव्हा मी दळणाचा दर वाढवला. बायांना तोंडावर सांगितलं की बिल वाढलं हे खरं, पण गिरणीचा पट्टा बी बदलायचाय, तेवढा माझा वाढवा हाय. शिव्या खाल्ल्या. बाया बडबड करत दळून गेल्या, पण दुसऱ्या गिरणीवर गेल्या नाहीत. पुढाऱ्यानं एवढंच सांगावं. बाहेरचं जे असेल त्याला मी नाव ठेवत नाही. कर तुम्ही लावला, त्याचा बोल तुम्हाला. कमी केला तर भलं केलं, पण त्याची शाबासकी मागायला माझ्या दारात येऊ नका. परभणीचं पेट्रोल दुसऱ्या जिल्ह्याहून महाग का, तर तेलाचा डेपो लांब आहे, हे मोर्चावालेही सांगतात आणि बॅनरवालेही सांगतात. लांब आहे तर जवळ कुणी आणायचा? आम्ही ढकलत आणायचा का?

माझी तक्रार भावाची नाही. विचारल्याशिवाय गाडी तिरडीवर बांधणारे, तिच्यातलं पेट्रोल काढणारे आणि पेटवणारे यांच्याविरुद्ध आहे. महारुद्र गल्लीतला आहे म्हणून सोडायचा नाही. त्याची आई काल गिरणीवर येऊन रडून गेली, तरी सोडायचा नाही.

लिहिलेलं मला मोठ्यानं वाचून दाखवलं. एका ठिकाणी 'मयत वीरुपाक्ष' असं पडलं होतं, ते माझ्यासमोर खोडायला लावलं आणि त्यावर जमादारांची सही घेतली. बाकी मी सांगितलं तेच आहे, खरं आहे, म्हणून खाली माझी सही करते.

आज मंगळवार. गाडी देणार की नाही, याचं उत्तर मला उद्या बुधवारी दिवस मावळायच्या आत पाहिजे. कोर्टाचा कागद लागतो तर कुठं जायचं ते आजच सांगा, मी बसून आहे. देणार असाल तर बन्सीधरला फोन करा. देणार नसाल तर ते सांगायला गिरणीवर या, घरी येऊ नका. घरी ते ऐकतात.

मल्लम्मा वीरुपाक्ष हालगे