चार काठ्या

नाही नाही, कागद आत सरकवू नका, आधी ऐका — बेरीज नऊ येणारा नंबर मिळणार नाही. आरटीओच्या या खिडकीवर बेरजा होत नाहीत. मघाशी पुढच्याला जो मिळाला त्याच्यानंतरचा तुमचा, आणि तुमच्यानंतरचा तुमच्या मागे ते जांभया देतायत त्यांचा. नऊच हवा असेल तर लिलावात उतरा, वरच्या मजल्यावर. आणि नऊ सांगितला कुणी? — बायकोच्या मामांनी? मामांकडे गाडी आहे? नाही ना? वाटलंच. ज्याच्याकडे गाडी नसते त्याचा आकडा फार पक्का असतो.

राग मानू नका हं, पण रोज तुमच्यासारखे येतात. कुणाला लग्नाची तारीख हवी — पुढच्या वर्षी तेच येतात गाडी एकाच्या नावावर करायला. कुणाला असा नंबर हवा की लांबून बघितलं तर त्याचं आडनाव वाचता यावं. अहो, आडनाव एवढं मोठं असतं तर नंबर लागला असता का? नंबर कशासाठी असतो, सांगा बघू. नाही येत? मी सांगते. तुम्ही कुणाला तरी उडवाल आणि पळून जाल, यासाठी असतो. पाटी बघा ना कशी केलेली असते — अक्षरं जाड, मध्ये मोकळी जागा. 'आय' आणि 'ओ' सिरीजमध्ये घेतच नाही आम्ही, का? तर एक आणि शून्य वाटतात. कुणाला वाटतात? जो रस्त्यावर आडवा पडून तुमच्या गाडीची पाठ बघत असतो, त्याला. आकडे ठोकून उठवलेले, रंग गेला तरी बोटाला लागावेत म्हणून. पाटी बसवायचा रिव्हेट असा की काढायला गेलात तर तुटतो. म्हणजे सगळी पाटीच तुमच्यावर संशय घेऊन केलेली आहे, आणि तुम्ही तिला हार घालता!

आमचे दादा असेच. थोरले भाऊ माझे. म्हणजे — असो, सांगतेच आता. त्यांना चार एके हवे होते. एक एक एक एक. मी तेव्हा याच ऑफिसात, आतल्या टेबलावर. म्हटलं दादा, ओळीतला घे, पेट्रोल सारखंच लागतं. तर म्हणाले, "छकुले, चौकात गाडी शिरली की माणसाने मान वळवून म्हटलं पाहिजे, आला बघ." लिलावात बोली लावून घेतला. आई तर अशी फुगली, जणू मुलाने नंबर मिळवला नाही, पहिला नंबर काढला. मला बी.ए. नंतर पुढे शिकायचं होतं तेव्हा याच घरात सगळ्यांची तोंडं अशी झाली होती — जाऊ दे, तो विषय नाही.

तर एक दिवस सकाळी बघते, अंगणात गाडीवर कव्हर. ज्या माणसाने गाडी कधी झाकली नाही, झाकली तर नंबर दिसणार कसा लोकांना, त्याच्या गाडीवर कव्हर! चहा पिताना विचारलं. म्हणाले, "कुत्रं आडवं आलं, बंपर चेपलाय." वहिनी खाली मान घालून पाव कापत होती. आई म्हणाली, मुकं जनावर, बिचारं. आणि मी डबा घेऊन ऑफिसला आले.

दुपारी पोलीस इन्स्पेक्टर आले. आदल्या दिवशी संध्याकाळी मंडईमागच्या रस्त्यावर एका प्लंबरला कुणी उडवलं होतं. खांद्यावर पाइप घेऊन घरी चालला होता माणूस. गाडी थांबलीसुद्धा नाही. बघणारी एकच, तिथली भाजीवाली आजी, आणि तिला अक्षरओळख नाही. इन्स्पेक्टर म्हणाले, "मॅडम, म्हातारी एवढंच सांगते की पांढरी मोठी गाडी होती आणि मागे चार काठ्या उभ्या होत्या. शेजारी शेजारी." त्यांना हसू येत होतं. मला नाही आलं. कळतंय का तुम्हाला? साधा नंबर असता ना, तुमच्यासारखा, माझ्यासारखा, तर त्या आजीला काही म्हणता काही सांगता आलं नसतं. पण आमच्या दादांनी असा नंबर घेतला की जिला वाचता येत नाही तिनेही वाचावा! आला बघ!

आता प्रत्येक सिरीजमध्ये असा एक नंबर असतोच. सगळे शोधायचे, त्यातल्या पांढऱ्या निवडायच्या, मोठ्या निवडायच्या, म्हणजे वेळ जातो. इन्स्पेक्टर म्हणाले, तुम्ही काढा यादी, मी चहा घेऊन येतो. मी म्हटलं, बसा. कॉम्प्युटर चालूसुद्धा केला नव्हता मी. नाव सांगितलं, पत्ता सांगितला. ते लिहीत होते, लिहिता लिहिता थांबले. म्हणाले, "मॅडम, हे आडनाव..." म्हटलं, हो. पुढे लिहा. घराला दोन दारं आहेत, गाडी मागच्या अंगणात आहे, कव्हरखाली.

आईने काय म्हणावं? "तोंड बंद ठेवायला काय झालं होतं तुला? नंबर काय, चुकतो कधी कधी!" प्लंबरचा पाय गेला होता, पण चुकला होता नंबर! मी त्याच आठवड्यात खोली घेतली. दादांना शिक्षा झाली, गाडी विकली, धंदा बसला. आई गेली ती माझ्याशी न बोलता. मी काय वाईट वाटून घेऊ? कुत्रं म्हणाले हो माणसाला. कुत्रं! त्या एका शब्दासाठी मी आजही सांगेन नाव, दहा वेळा सांगेन.

थांबा, शिक्का वाळू दे.

आता चौकात मिरवायचे दिवस गेले दादांचे. गेल्या आठवड्यात आले ना इथे, याच खिडकीत, तुम्ही उभे आहात तिथे. परराज्यातला जुना टेम्पो घेतलाय, इथला नंबर हवा. केस सगळे पांढरे. चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलेली, शर्टाचं एक बटण नाही — वहिनी घरी करते काय? मला बघितलं, आणि म्हणाले, "नमस्कार मॅडम. ओळीतला कुठलाही चालेल." मॅडम! इतक्या वर्षांत मी काय काय ठरवून ठेवलं होतं. शिव्या दिल्या तर हे बोलायचं, रडले तर ते. मॅडमला काय उत्तर देतात? मी कागद बघितले आणि म्हटलं, सहीत फरक आहे, उद्या या.

दुसऱ्या दिवशी आले. झेरॉक्स पुसट आहे म्हटलं. तिसऱ्या दिवशी आले. चासीच्या नंबरचा पेन्सिलीचा ठसा नीट उठला नाही म्हटलं. त्या दिवशी बटण लावलेलं होतं. खोकत होते जरा. म्हणाले, "अजून काही राहिलंय का, मॅडम?" म्हटलं, बघते, सोमवारी या. — कागद? कागद बरोबरच होते की. पहिल्या दिवसापासून बरोबर होते, दादांचे कागद नेहमी — म्हणजे तसं नाही, नियम असतात, ठसा नीट लागतो, तुम्हाला काय कळणार त्यातलं! सोमवारी मी लवकर आले. डबा जरा जास्तीचा होता, तो आपला असाच, भूक लागते कधी कधी.

दादा नाही आले. एजंट आला. तो गेटजवळ बसतो बघा, केस रंगवलेला. माझ्याकडे वाकला आणि आवाज बारीक करून म्हणाला, "पार्टी म्हणते, तीन खेपा झाल्या. बाईंना काय हवंय ते एकदा विचारून घे. देऊन टाकतो."

काय हवंय ते.

दिला नंबर. लगेच दिला, मिनिटात. ओळीतलाच. काय वाटतं काय त्यांना, मी यासाठी बसते इथे? मी? या ऑफिसात एक माणूस दाखवा जो माझ्याबद्दल —

काय? फोन? मी का करू दादांना फोन? आणि तुम्ही कोण मला सांगणारे? गाडीला नंबर हवाय ना तुम्हाला? हा घ्या. बेरीज मामांना करायला सांगा घरी जाऊन. इथे सही. इथे नाही हो, इथे. झालं. सरका आता, खिडकी अडवू नका. — पुढचे या.