मिरचीची फुलं

फिजिओथेरपीच्या दवाखान्यात घड्याळदुरुस्तीवाले आखडलेला अंगठा चोळत बसले होते. नंबर काही लागत नव्हता. शेजारच्या दोन बायकांची मात्र कुंडीतल्या मिरचीवरून गट्टी जमली होती.

"झाड कसं गच्च, हिरवंगार आहे हो. पण मिरची म्हणाल तर औषधालाही नाही."

"फुलं गळतात का?"

"गळायला ठेवते कुठे! मीच खुडते. यांनीच बजावलं होतं, फुलं खुड म्हणजे झाडाला फुटवे येतील."

"अहो, ती पहिलीवहिली फुलं! पुढची राहू द्यायची असतात."

"कधी थांबायचं ते सांगायच्या आतच यांची वाचा गेली ना."

"अगंबाई! मग?"

"मग काय, रोज सकाळी खुडलेली फुलं ओंजळीत घेऊन यांना दाखवते. लगेच डावा हात हलवायला लागतात. मी म्हणते, कळलं हो, उरलेलीही खुडते."

"त्यावर?"

"आणखी जोरात हलवतात. पहिल्यापासून कडक शिस्तीचे!"

घड्याळवाल्यांचा अंगठा चोळायचा राहिला. ते न राहवून मध्येच बोलले.

"बाई, ते नको म्हणत असतील."

"यांना मी आज ओळखते का?"

"विचारून तर बघा."

तेवढ्यात आतलं दार उघडलं आणि मिरचीवाल्या बाईच्या नवऱ्याची व्हीलचेअर बाहेर आली. बाई लगबगीने उठली.

"अहो, ऐकलंत का? फुलं झाडावरच राहू देऊ?"

नवऱ्याने तिच्याकडे बघितलं, डोळे मिटले आणि डावा हात अलगद मांडीवर ठेवला.

"बघितलंत? रुसले. हातसुद्धा हलवत नाहीत. नको हो, मी आपली खुडतेच."