भट्टीमागचा हेल

हॅलो?… हो, मीच. अगं, किती वेळा फोन लावला तुला सकाळपासून… नाही, नाही, वाईट काही नाही. आधी बस बघू.

बाबा बोलले.

हो… झटका आल्यापासून तोंडातून अक्षर नव्हतं आणि आज… अगं ऐक ना. मग रड.

मोठे काका आले होते बघायला. हो, अजून तिथेच, कारखान्याच्या भट्टीमागच्या वस्तीत, बाबा लहानाचे मोठे झाले त्याच घरात. आल्या आल्या कानाशी ओरडले, "उठतोस का पाणी ओतूऽऽ?"… तसंच, शेपूट लांबवून. तिकडे सगळ्यांचंच तसं, भट्टीच्या धडधडीत ऐकू जायला नको?… तर बाबा म्हणाले, "ओत की रेऽऽ."

मी?… माझं सकाळचं मौन चालू होतं. मोडलं. "काय म्हणालात?" म्हणून मोकळी झाले… नाही गं, देव कशाला रागावेल? त्याच्याकडे हेच तर मागत होते.

नाही, तो ऑफिसातला आवाज नाही. तुला परका वाटेल… मला नाही वाटला. आमचं लग्न झालं तेव्हा असेच बोलायचे. मग बँकेत लागले, साहेब हसले, तेव्हा आरशासमोर उभं राहून तो हेल घालवला. तुम्हा पोरांना काकांकडे राहू देत नसत, ते त्यासाठीच… हो. आता कळतंय ना?

वाचा शिकवणाऱ्या बाई येऊन गेल्या. म्हणाल्या, कधीकधी लहानपणचं आधी परत येतं. आणि आपण बसलोय त्यांच्याशी सावकाश, स्वच्छ बोलत… उद्यापासून काकांना शेजारी बसवणार आहेत. काका तर मास्तर झाल्यासारखे फिरतायत घरभर.

ते ऑफिसातलं बोलणं?… येईल, नाहीतर नाही. लोक हसतील?… कोण लोक, तुमच्या इमारतीतले? अगं, तू तरी कुठे माझ्यासारखं बोलतेस? आणि तुझी चिमणी तर अर्धा शब्द खाऊनच टाकते, तिकडच्या सगळ्या पोरांसारखी. मी कधी काही म्हटलं?

चिमणीला दे… दे तर. हां, चिमणे, आजोबांना हाक मार. स्पीकर लावलाय…

थांब, काहीतरी म्हणतायत. काय हो?… बरं.

चिमणे, आजोबा म्हणतात असं तुटक नको. लांबव… अजून… हां. हसले बघ.

आणि मागून ती कोण हाक मारतेय?… तुझी आई?… "बाबाऽऽ" म्हणतेय?… मान वळवली गं त्यांनी.

आईला म्हणावं, फोन ठेवू नकोस. मी त्यांच्या उशाशी ठेवते. तुम्ही बोला.