सुट्टीवर गेलेला दिनेश

नंदुरबार स्टेशनचा जिना. पुढे डोक्यावर बॅग घेतलेला उखा हमाल, मागे मुलाचं कौतुक सांगणारे भरतभाई आणि त्यांचे होऊ घातलेले व्याही.

"मन्हा दिनेश ऑस्ट्रेलियाम्हा शे. विमान कंपनीम्हा."

"पायलट शे का?"

"नई, सामान विभागम्हा. व्हिसा सुट्टीना शे. फिरता फिरता काम करानं."

"मंग काय काय फिरना?"

"टाइमच नई भेटस. दिनभर बॅगा चढावस, उतारस."

"म्हंजे हमालच ना?"

"हमाल कसाना! तेले चमकनारं जॅकेट शे. ओ हमाल, बॅग आपटू नको रे!"

"बरं, शेठ."

"फक्त कंबर दुखस म्हने. तठली थंडीमुळे."

उखाने बॅग अलगद खाली ठेवली.

"थंडीमुळे नई, शेठ. तेले सांगा, कंबरमाईन नई, गुडघामाईन वाकीसन उचल. लगीन बाकी शे तेनं."