घरातल्या मोठ्या माणसांचे दाखले

बायको : तिसऱ्यांदा परत आला पाळणाघराचा अर्ज! आधी काय, तर खिडकीची उंची लिहिली नाही. मग आग विझवायचं नळकांडं हवं, तेही आणलं. आता म्हणतात, घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांचे पोलिसांचे दाखले जोडा. तुमचाच तेवढा राहिलाय.

नवरा : जातो गं उद्या.

बायको : महिनाभर हेच ऐकतेय. अहो, अंथरुणाला खिळलेल्या मामंजींचासुद्धा दाखला आला! ज्यांना कूस बदलता येत नाही, ते कुठे चोरी करायला जाणार? तरी ठसे घ्यायला माणूस घरी आणला मी. आणि तुम्हाला दोन गल्ल्या ओलांडवत नाहीत.

नवरा : पोरं तू सांभाळतेस. माझा काय संबंध?

बायको : ते नियमाला सांगा. सोमवारी तपासणीच्या बाई येतायत. दाखला नसला तर पाळणाघराला कुलूप. सहा जणी कामावर जातात माझ्या भरवशावर!

नवरा : डोकं नको खाऊ.

बायको : मग कुणाचं खाऊ? … अहो? असे का बसलात?

नवरा : माझा दाखला कोरा येणार नाही.

बायको : म्हणजे?

नवरा : लग्नाआधी टेम्पो चालवायचो. मागे घेताना एक पोरगी चाकाखाली आली.

बायको : गेली?

नवरा : वाचली. पाय गेला. मी सहा महिने आत होतो.

बायको : आणि हे मला बावीस वर्षांनी, एका अर्जापायी कळतंय?

नवरा : पाळणाघर काढलंस तेव्हा सांगणार होतो. पण पोरं काका काका करत अंगावर चढायला लागली. जीभच उचलेना.

बायको : … चपला घाला.

नवरा : चौकीवर?

बायको : चौकी नंतर. आधी सहा घरं. त्या बाईंकडून कळण्याआधी पोरांच्या आयांना तुमच्या तोंडून कळू दे.

नवरा : त्यांनी पोरं काढली तर?

बायको : काढतील. पोरं त्यांची आहेत.

(संध्याकाळी, सहाव्या घराचा जिना उतरताना.)

बायको : दोघींनी काढली. तिघी म्हणाल्या, घरी विचारून सांगतो. तिथं सगळीकडे नीट बोललात. मग या शेवटच्या बाईंपुढेच का गप्प झालात?

नवरा : ती मुलगी आता कशी आहे, असं विचारलं त्यांनी.

बायको : मग? कशी आहे?

नवरा : माहीत नाही गं. मी कधी बघायलाच गेलो नाही.